खेड्यातून एएच्या मीटिंगला कसं जायचं: विदर्भातल्या नवख्या भावाबहिणींसाठी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला कोरडवाहू शेतकरी. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. सात वर्षं झाली, दारूला हात लावलेला नाही. नाव लिहीत नाही, कारण छापील मजकुरात आपलं पूर्ण नाव द्यायचं नाही अशी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे एएची परंपरा आहे आणि मला ती पटते.

पहिल्यांदा मीटिंगला निघालो तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. बेचाळीस किलोमीटर एसटीनं गेलो, पत्ता विचारत शाळेच्या मागच्या खोलीपर्यंत पोचलो, तर दाराला कुलूप. कडीवर कोळ्याचं जाळं. कुणीतरी दिलेला तो पत्ता तीन वर्षं जुना होता, गट दुसरीकडे हलला होता. स्टँडवर परत आलो, गाडीला सव्वा तास होता, आणि समोरच दुकान होतं. त्यानंतरचे चार महिने कसे गेले ते माझ्या बायकोला विचारा. निघण्याआधी एक फोन करून खात्री करून घे, एवढं कुणी सांगितलं असतं तर ते चार महिने वाचले असते. म्हणून हे सगळं खुलासेवार लिहितो आहे.

ज्यांना एए म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पार बुडालेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्या बोलण्याच्या आधारानं दारूपासून दूर राहिले. तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. दारू सोडायची इच्छा असणं एवढी एकच अट. आपल्या गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला लोक ठरल्या वेळी सतरंजीवर येऊन बसतात, तसंच हे बसणं असतं. इथं मात्र उपदेश कुणी करत नाही. जो तो स्वतःचंच सांगतो.

१. आधी अंगाचं बघा, मग मीटिंगचं

हे सगळ्यात वर लिहितो, कारण यात जीव जातो. रोज पीत असाल, सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर देवासमोर शपथ घेऊन एका दिवसात बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भलतंच दिसायला लागतं: भिंतीवर किडे, दारात पोलीस, मेलेली माणसं. आपल्याकडे लगेच "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. ही बाहेरची बाधा नाही. दारू एकदम तुटल्यामुळे मेंदूला बसलेला हा धक्का आहे आणि तो दवाखान्यातच सांभाळता येतो. असं काही झालं तर १०८ला फोन करा.

शक्यतो आधीच जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. नागपूर जवळ असेल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय, वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं रुग्णालय. डॉक्टर थोड्या दिवसांच्या गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. गावातल्या डॉक्टरची सलाईन लावून हे भागत नाही. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुनी चिठ्ठी असेल तर ती घ्या. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय यात येत नाही, तिथं थोडे पैसे जवळ ठेवा.

आणि मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मीटिंगच्या वाराची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा फोन रात्रंदिवस सुरू असतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आपल्या भागात हे वाक्य लिहावंच लागतं.

२. मीटिंग शोधायची कुठं

गावात कुणाला विचारायची लाज वाटते, ठाऊक आहे. मलाही वाटायची. सगळं गाव आपल्याला नालीत पडलेलं पाहून बसलेलं असतं, तरी "सोडायची आहे" हे तोंडातून निघत नाही. मग असं करा:

• १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. आपला जिल्हा सांगा आणि जवळची सोय विचारा.
• एएचं भारताचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. "जवळच्या गटाचा वार, वेळ आणि तिथल्या एका माणसाचा फोन नंबर द्या" असं विचारा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.
• जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या समुपदेशकाला विचारा. कोणता गट खरोखर चालू आहे आणि कोणता नुसता कागदावर, हे त्यांना बहुधा माहीत असतं.
• आशाताई. त्या दारोदार फिरतात, कोणत्या घरातला माणूस सुटला ते त्यांना ठाऊक असतं. मला माझा गट शेवटी आशाताईनंच शोधून दिला. तिचा भाऊ त्या गटात होता.

गडचिरोलीतल्या लोकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं २०१६पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखू सोडवायचं अभियान चालू आहे, तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आहेत आणि गावात शिबिरं होतात. आधी तिथं जा. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, त्यामुळे तिथले लोक एक प्रश्न हमखास विचारतात: मी पितो असं मीटिंगमध्ये सांगितलं तर पोलिसांत जाईल का? नाही जाणार. तिथं नोंदवहीत नाव चढत नाही, आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं हा नियम लोक मनापासून पाळतात.

आणखी एक गैरसमज. गट बऱ्याचदा शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत बसतो, कारण खोली स्वस्तात मिळते. मग गावात उठतं की "तिकडं धर्म बदलवतात." असं काही नसतं. माझ्या गटात माळकरी आहेत, विहारात जाणारे आहेत, नमाजी आहेत, आणि देव न मानणारा एक मास्तरही आहे. "ईश्वर" हा शब्द ऐकू येतो, पण ज्याला जसा समजतो तसा.

माळ घालून सुटलेले, परमात्मा एक सेवक या पंथाच्या मार्गाला लागून सुटलेले लोकही मी पाहिले आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही. तुमची माळ असेल तर माळेसकट या.

पत्ता मिळाला की निघायच्या दिवशी सकाळी त्या माणसाला फोन करा: "आज मीटिंग आहे ना? मी नवा आहे, अमक्या गावाहून येतो." बहुतेक वेळा तो म्हणेल, "स्टँडवर उतरल्यावर फोन कर, घ्यायला येतो." येऊ द्या त्याला. त्याचंही त्यात भलंच असतं, हे तुम्हाला वर्षभरानं कळेल.

३. येण्या-जाण्याचा हिशेब

शहरातल्या माणसाला हे लिहावं लागत नाही. आपल्याला सगळ्यात जास्त इथंच लिहावं लागतं, कारण खेड्यातला माणूस गटापासून तुटतो तो बहुधा गाडीपायी. मीटिंग साडेसहाला सुरू होते, आठला संपते, आणि आपल्या गावची शेवटची एसटी सव्वासातला सुटते. मी पहिल्यांदा जातो म्हटलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "गेले तं गेले, पन रातच्यानं येसान कसे?" बरोबर विचारलं होतं तिनं.

मी करून पाहिलेले मार्ग सांगतो. रविवारी सकाळी मीटिंग असणारा गट मिळाला तर तोच धरा, थोडा दूर असला तरी. ती सोय नसेल तर आत गेल्या गेल्या मीटिंग चालवणाऱ्याला सांगा, "माझी गाडी सव्वासातची आहे, मला आधी बोलू द्या." कुणी वाईट मानत नाही. मी दीड वर्ष मीटिंग अर्धी सोडूनच निघत होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मीटिंग असेल तर उत्तम, काळीपिवळी उशिरापर्यंत असते आणि "कुठं चालला?" म्हणून कुणी विचारत नाही. तालुक्याला बहीण, साळा, कुणी असेल तर महिन्यातून एक मुक्काम ठरवून टाका.

मोटारसायकल असेल तरी पहिले दोन महिने एसटीनंच जा, असं माझं मत आहे. गाडी हातात असली की ती वाटेतल्या ओळखीच्या ठिकाणी आपोआप थांबते.

सगळ्यात धोक्याची वेळ मीटिंगनंतरची. मन हलकं झालेलं असतं, हातात तासभर असतो, आणि स्टँडसमोर दुकान असतंच. त्या तासाला एकटं राहू नका. गटातल्या कुणालाही म्हणा, "गाडी येईपर्यंत थांबता का माझ्यासोबत?" माझ्यासोबत एक निवृत्त कंडक्टर थांबायचे. शेंगदाणे घ्यायचे, गप्पा मारायचे, मी खिडकीत बसलो की जायचे. सलग सात-आठ महिने.

खिशात जाण्या-येण्याचं भाडं आणि वर वीस-तीस रुपये, बस. जास्त ठेवू नका. मीटिंगच्या शेवटी एक थैली फिरते, त्यात दहा रुपये टाकले तरी चालतात, काहीच नाही टाकलं तरी चालतं. नव्या माणसाकडून कुणी अपेक्षाही ठेवत नाही. कागदपत्रं काहीही लागत नाहीत. पाण्याची बाटली आणि फोन चार्ज केलेला, एवढं पुरे.

४. पहिल्या दिवशी आत काय होतं

माझ्या पहिल्या मीटिंगला, म्हणजे कुलुपानंतरच्या खऱ्या पहिल्या मीटिंगला, अकरा जण होते. पाचवीच्या वर्गाची बुटकी बाकं, फळ्यावर पोरांचा अपूर्णांकांचा गृहपाठ तसाच. मी दाराजवळच्या बाकावर बसलो, पळायला सोपं म्हणून. एक जण किटली घेऊन चहा देत आला. सगळ्यांचे कप भरले, माझा मात्र अर्धाच. मला राग आला, इथंही दारुड्याला वेगळं वागवतात म्हणून. मग कप उचलला आणि हात असा थरथरायला लागला की भरलेला असता तर सगळा अंगावर आला असता. त्या माणसानं दारातून आत येतानाच माझे हात पाहिले होते. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं आला आणि पुन्हा अर्धा कप ओतून गेला.

तर आत असं होतं: सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेक जण उभा राहून किंवा बसूनच आपलं नाव सांगतो आणि "मी अल्कोहोलिक" म्हणतो. नुसतं नाव पुरतं. आडनाव, जात, गाव कुणी विचारत नाही. मग तो आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा. मी पहिल्या तीन वेळा तेच म्हणालो. चौथ्यांदा बोललो तेव्हा मुलीच्या फीचे पैसे प्यायलो होतो ते सांगितलं, आणि कुणाचीही मान खाली गेली नाही. दोघांनी नुसती मान हलवली.

मीटिंग दोन प्रकारची असते. खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही येऊ शकतं. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. बायकोला किंवा भावाला सोबत नेणार असाल तर आधी विचारून घ्या, नाहीतर त्यांना बाहेर पायरीवर बसावं लागतं.

पिऊन गेलात तर? आत बसू देतात, बोलू मात्र देत नाहीत. पण शक्यतो त्या दिवशी घेऊ नका, कारण ऐकलेलं डोक्यात राहत नाही.

बहिणींसाठी दोन शब्द. आपल्याकडे पिणाऱ्या बाया नाहीत असं म्हणणाऱ्यानं मोहाच्या पट्ट्यात फिरून यावं. तुम्हाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत जायची भीती वाटत असेल तर ती योग्यच आहे. फोनवरच विचारा, गटात कुणी ताई आहे का. नसेल तर पहिल्यांदा खुल्या मीटिंगला कुणाला तरी सोबत घेऊन जा, किंवा मोबाईलवरच्या मीटिंगपासून सुरुवात करा.

५. मोबाईलवरची मीटिंग

झूमवर मराठीत मीटिंगा होतात, लिंक गटातूनच मिळते. पावसाळ्यात नाला भरला, वेचणीच्या दिवसांत निघणं झालं नाही, तेव्हा हाच आधार. रेंज मिळेल ती जागा आधी शोधून ठेवा. आमच्याकडे ती खळ्यातल्या कडुनिंबाखाली आहे. कॅमेरा बंद ठेवा, नाव अर्धंच टाका, कानात हेडफोन घाला म्हणजे दुसऱ्याचं बोलणं गावाला ऐकू जात नाही. पण नुसतं मोबाईलवर राहू नका. अर्धा कप चहा मोबाईलमधून मिळत नाही.

६. घरच्यांनी काय करायचं, काय नाही

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत, १९५१ पासूनचे. नवरा येवो न येवो, बायको जाऊ शकते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच हातभार. माझी बायको माझ्या आधी दोन महिने जायला लागली होती आणि मला कळूही दिलं नव्हतं.

आता एक हात जोडून सांगतो. जेवणात गुपचूप दारू सोडवायचं औषध मिसळू नका. बाजारात कुणी पुड्या विकतो, कुणी गोळ्या आणून देतो. त्यातल्या काही गोळ्या अशा असतात की वरून दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, माणूस दगावू शकतो. त्या गोळ्या डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून आणि त्याच्या संमतीनं.

आणि व्यसनमुक्ती केंद्रात भरती करणार असाल तर आधी स्वतः जाऊन बघा. मला घरच्यांनी एका केंद्रात टाकलं होतं, नाव घेत नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी घेतले, डॉक्टर एकदाही दिसला नाही, आणि फिट आलेल्या पोराला खोलीत कोंडलं. चार गोष्टी विचारा: डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, परवाना दाखवता का, भेटायला कधी येऊ देता, आणि मारहाण होते का हे तिथल्या रुग्णाला एकटं गाठून. सगळे पैसे आधी मागितले तर निघून या.

७. पहिले तीन महिने

जितक्या जास्त मीटिंगा होतील तितक्या करा. शहरातले लोक नव्वद दिवसांत नव्वद म्हणतात. आपल्याला ते शक्य नाही. आठवड्याला एक प्रत्यक्ष, दोन मोबाईलवर, आणि रोज एक फोन, हे जमतं. गटातल्या जुन्या, निदान दोन-तीन वर्षं न प्यायलेल्या माणसाला "माझे स्पॉन्सर व्हाल का?" असं विचारा, म्हणजे अडचणीत आधार देणारा आपला माणूस. पुरुषानं पुरुषाला, बाईनं बाईला. प्यावंसं वाटलं की पिण्याआधी त्याला फोन करायचा, नंतर केलेल्या फोनचा तेवढा उपयोग नाही.

आपल्या वर्षातले खड्डे आधीच मोजून ठेवा. कापसाचा चुकारा मिळायचा दिवस सगळ्यात मोठा. मी सलग तीन हंगाम भावाला सोबत नेलं आणि पैसे बायकोच्या खात्यात टाकायला लावले. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या कामात निभतं, दुसऱ्या दिवशीची कर निभत नाही, त्या दिवशी गावात राहूच नका. लग्नात हळदीच्या रात्री जाऊ नका, दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून जेवून निघा. गावातले मित्र म्हणतील, "एकानं काय होते बे?" वाद घालू नका. "डॉक्टरनं बंद केली, लिव्हर खराब आहे" म्हणा. दारूनं माझं काय केलं ते मी मीटिंगमध्ये सांगतो, पानठेल्यावर सांगत नाही.

घसरलात तर पुढच्याच मीटिंगला जा आणि सांगा. मी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा लाजेनं तीन आठवडे गेलो नाही. मग ते कंडक्टर काका काळीपिवळीनं आमच्या गावात आले, माझ्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "रविवारी येशील ना?" झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नाही.

८. जवळ गटच नसेल तर

पहिलं वर्ष दूरच्याच गटात जा. स्वतःचा गट काढायची घाई करू नका, उत्साहात काढलेले गट मी मोडताना पाहिले आहेत. वर्षभरानं आसपासच्या दोन गावांत मिळून दुसरा एक जण सापडला की सुरुवात करता येते, दोघं पुरतात. जुन्या गटाला सांगा, ते वाचनाची पुस्तकं देतात आणि पहिले काही आठवडे कुणाला तरी पाठवतात. खोलीसाठी मुख्याध्यापकांना किंवा ग्रामपंचायतीला साधं पत्र द्या. थोडं का होईना, भाडं भरा, म्हणजे निवडणुकीत कुणी हक्क सांगायला येत नाही. पुढाऱ्याच्या हातून उद्घाटन नको, बॅनरवर फोटो नको. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका, मग पाऊस असो की तेरवी.

आमचा गट आता चार वर्षं गुरुवारी बसतो. पहिले पाच गुरुवार आम्ही दोघंच होतो, तरी बसलो, वाचलं, बोललो. वार-वेळेचा आणि फोन नंबरचा कागद आम्ही ग्रामीण रुग्णालयात आणि आशाताईंकडे दिला आहे, आणि दर सहा महिन्यांनी तो बदलून देतो. खोलीच्या किल्ल्या तीन करून घेतल्या आहेत. एक माझ्याकडे, एक दुसऱ्या गावच्या भावाकडे, आणि तिसरी शाळेच्या शिपायाकडे, कारण तो समोरच राहतो आणि आमच्यापैकी कुणाची गाडी चुकली तरी साडेसहाला दार उघडून दिवा लावून ठेवतो.